हृदयाची झडप व वीस वर्षांचा हिशेब

[नभोवाणीवरील भाषण]

लोहाराचा भाता ज्यांनीं जवळून पाहिला असेल, त्यांना त्याच्या पोटाला असलेलें भोंक व त्या भोंकावर आंतल्या बाजूनें बसविलेला कातड्याचा पडदा आठवत असेल. भाता फुगला कीं पडदा उचलला जातो व हवा आंत शिरते. भाता दाबला कीं तोच पडदा भोंकावर घट्ट बसतो, हवेला परतीची वाट उरत नाहीं, आणि ती भट्टीकडेच जाते. हा पडदा फाटला तर लोहारानें कितीहि जोर केला तरी विस्तव फुलत नाहीं. मनुष्याच्या हृदयांत असे चार पडदे असतात. त्यांनाच झडपा म्हणतात. रक्तानें पुढें जावें, मागें फिरूं नये, एवढेंच त्यांचें काम.

काम एवढेंच असलें तरी तें किती वेळां करावें लागतें, तें पाहण्यासारखें आहे. मिनिटास ७२ ठोके धरले तर दिवसाला एक लाखाहून अधिक व वर्षाला सुमारें पावणेचार कोटि ठोके होतात, आणि प्रत्येक ठोक्यागणिक प्रत्येक झडप एकदां उघडते व एकदां मिटते. निसर्गानें दिलेली झडप बहुतेकांच्या बाबतींत जन्मभर विनातक्रार चालते. मनुष्यानें घडविलेली झडप किती वर्षें चालेल, आणि ती बसविलेल्या मनुष्याचें पुढें काय होईल? प्रश्न साधा आहे. पण त्याचें उत्तर शस्त्रक्रियेच्या मेजावर मिळत नाहीं, प्रयोगशाळेंतहि पुरतें मिळत नाहीं. तें वर्षानुवर्षें नीट ठेवलेल्या वहींतच मिळतें. कृत्रिम झडपांची कथा म्हणजे बऱ्याच अंशीं या वहीची कथा आहे.

झडपा बिघडतात त्या मुख्यतः दोन कारणांनीं. उतारवयांत महारोहिणीच्या मुखाशीं असलेली झडप चुन्याचे थर बसून ताठर होते. दुसरें कारण बालपणांतलें आहे, आणि आपल्या देशाला तेंच अधिक जाचतें. मुलाचा घसा येतो. त्या घशांत स्ट्रेप्टोकॉकस नांवाचे जंतु असले व त्यांचा बंदोबस्त झाला नाहीं, तर कांहीं मुलांना दोन-तीन आठवड्यांनीं ताप येतो व सांधे सुजतात. या संधिवाती तापांत सुजलेले सांधे बरे होतात, घरचीं माणसें निर्धास्त होतात, आणि झडपेवर पडलेला व्रण मात्र आंतल्या आंत वाढत राहतो. पुढें पंधरा-वीस वर्षांनीं जिना चढतांना दम लागूं लागतो, रात्रीं उताणें निजवत नाहीं, आणि तपासणींत कळतें कीं हृदयाच्या डाव्या बाजूची द्विदल झडप आखडून तिची फट बारीक झाली आहे. असे रुग्ण पुष्कळदां ऐन तारुण्यांतले, आणि त्यांत स्त्रिया अधिक असतात.

धडधडणाऱ्या हृदयांत हत्यार घालावयाचें धाडस फार जुनें नाहीं. बोस्टन येथें १९२३ सालीं एलियट कटलर यांनीं बारा वर्षांच्या एका मुलीची आखडलेली झडप बारीक सुरीनें मोकळी करण्याचा प्रयत्न केला. मुलगी त्यानंतर सुमारें साडेचार वर्षें जगली. परंतु पुढचे रुग्ण वांचेनात, तेव्हां तो प्रयत्न सोडून द्यावा लागला. लंडनमध्यें हेन्री सूटर यांनीं १९२५ सालीं एका तरुण मुलीच्या हृदयांत बोट घालून झडप रुंद केली. मुलगी बरी झाली. तरीहि दुसरा एकहि रुग्ण त्यांच्याकडे या कामासाठीं पाठविण्यांत आला नाहीं. एका ठिकाणीं यश आलें असूनहि विश्वास बसला नाहीं, दुसऱ्या ठिकाणीं अपयशानें हात आंखडले. पुढें १९४८ सालीं फिलाडेल्फियांत चार्ल्स बेली, बोस्टनमध्यें ड्वाइट हार्केन व लंडनमध्यें रसेल ब्रॉक अशा तिघांनीं कांहीं महिन्यांच्या अंतरानें ही शस्त्रक्रिया पुन्हा उभी केली. बेली यांचे आधींचे चार रुग्ण दगावले होते, पांचवा वांचला.

पण आखडलेली झडप मोकळी करणें निराळें, आणि ती काढून तिच्या जागीं नवी बसविणें निराळें. त्यासाठीं हृदय रिकामें करून आंत डोळ्यांनीं पाहणें अवश्य होतें. जॉन गिबन यांनीं ६ मे १९५३ रोजीं फिलाडेल्फियांत हृदय व फुफ्फुसें या दोहोंचें काम कांहीं मिनिटें यंत्राकडे सोंपवून शस्त्रक्रिया यशस्वी केली, तेव्हां ही वाट मोकळी झाली. १९५८ च्या सुमारास अमेरिकेच्या ऑरेगन प्रांतांतील पोर्टलंड शहरीं लोवेल एडवर्ड्स नांवाचे निवृत्त यंत्रज्ञ आल्बर्ट स्टार या तरुण शल्यविशारदाकडे आले. विमानांच्या इंधनपंपांवर त्यांनीं काम केलेलें होतें, आणि त्यांच्या मनांत संपूर्ण कृत्रिम हृदय घडवावयाचें होतें. स्टार यांनीं सुचविलें कीं, प्रथम एक झडपच करून पाहूं.

निसर्गाच्या झडपेसारखी पाकळ्यांची झडप त्यांनीं प्रथम कुत्र्यांवर वापरून पाहिली. तिच्या कडेस रक्ताच्या गुठळ्या जमल्या व ती अडली. मग त्यांनीं निसर्गाचें अनुकरण सोडलें आणि लहानशा पिंजऱ्यांत सिलिकोन रबराची एक गोळी ठेवली. रक्ताचा लोट आला कीं गोळी पुढें सरकते. लोट फिरला कीं ती मागें येऊन कड्यावर बसते. ऑगस्ट १९६० मध्यें ही झडप ज्या स्त्रीच्या हृदयांत प्रथम बसविली, ती हृदयांत राहिलेल्या हवेमुळें कांहीं तासांतच गेली. सप्टेंबरांत बावन्न वर्षांच्या एका पुरुषास ती बसविली. तो बरा होऊन घरीं गेला, अनेक वर्षें जगला, आणि अखेर त्याला मरण आलें तें शिडीवरून पडल्यामुळें. त्याच वर्षीं मार्च महिन्यांत हार्केन व नीना ब्राउनवाल्ड यांनींहि आपापल्या रुग्णालयांत कृत्रिम झडपा बसविल्या होत्या. स्टार व एडवर्ड्स यांनीं १९६१ सालीं पहिल्या आठ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. आठ माणसांवरून झडपेचें आयुष्य सांगतां येत नाहीं, म्हणून पोर्टलंड येथें झडप बसविलेल्या प्रत्येक रुग्णाचा पुढें जन्मभर माग ठेवण्याची रीत पडली.

हा माग कसा ठेवावयाचा, यांत एक साधें गणित आहे. शंभर रुग्णांची दहा वर्षें नोंद ठेवली तर एक हजार रुग्णवर्षें होतात. तेवढ्या काळांत वीस वेळां झडपेवर गुठळी जमली तर तो धोका वर्षास शेंकडा दोन झाला. आतां समजा, शंभरांपैकीं ऐशींच रुग्ण तपासणीस परत आले आणि ते ऐशींहि धडधाकट निघाले. रुग्णालयानें शेंकडा शंभर यश आलें असें म्हणावें काय? न आलेले वीस कोठें आहेत? कोणी गांव बदलला असेल, कोणाजवळ गाडीभाडें नसेल, आणि कोणी या जगांत नसेलहि. जे परत आले त्यांनाच मोजलें तर झडप नेहमींच चांगली ठरते. म्हणून हिशेबांतून निसटलेल्या माणसांची संख्या जेवढी मोठी, तेवढा त्या हिशेबावरचा विश्वास कमी. नोंदींत कोणकोणते रकाने असावेत याचेंहि एकमत नव्हतें. अमेरिकेंतील शल्यविशारदांच्या दोन संस्थांनीं १९८८ सालीं व्याख्या ठरविल्या: झडपेची स्वतःची झीज किंवा मोडतोड, गुठळी, रक्तस्राव, झडपेवर जंतूंचा संसर्ग, पुन्हा शस्त्रक्रिया व मृत्यु. तेव्हांपासून एका देशाची वही दुसऱ्या देशाच्या वहीशीं ताडून पाहणें सोपें झालें.

अशा वहीचा उपयोग काय, तो तीन उदाहरणांनीं कळेल.

गोळीच्या झडपेनंतर कलणाऱ्या तबकडीची झडप निघाली. ब्यर्क-शायली या नांवानें ती जगभर नांवाजली गेली. तींत रक्ताची वाट अधिक मोकळी व्हावी म्हणून तबकडीला एका अंगास फुगीर व दुसऱ्या अंगास खोलगट आकार देऊन नवी आवृत्ति काढण्यांत आली. १९७९ ते १९८६ या काळांत ती सुमारें ८६,००० लोकांच्या हृदयांत बसली. कांहीं रुग्णांत तबकडीला धरून ठेवणारी धातूची बारीक कमान जोडापाशीं तुटली, तबकडी निसटली, आणि बहुतेक जण दगावले. झडप बाजारांतून काढून घेतली. पण जी हृदयांत होती, तिचें काय करावयाचें? ती काढावी तर दुसऱ्या शस्त्रक्रियेंतहि जीव जाण्याचा संभव; न काढावी तर केव्हां तुटेल याचा नेम नाहीं. या पेंचांतून वाट निघाली ती नोंदींतून. नेदरलंडच्या संशोधकांनीं आपल्या देशांतील अशा सुमारें तेवीसशें रुग्णांचा शोध घेऊन १९९२ सालीं निष्कर्ष मांडले. मोठ्या मापाची झडप, अधिक कोनानें उघडणारी झडप, द्विदल झडपेची जागा आणि रुग्णाचें तरुण वय या गोष्टी एकत्र आल्या म्हणजे धोका अधिक, एरवीं कमी. ज्यांना धोका अधिक, त्यांनाच पुन्हा शस्त्रक्रियेचा सल्ला देणें त्यामुळें शक्य झालें, आणि बाकीच्यांना कारण नसतांना छाती उघडून घ्यावी लागली नाहीं.

दुसरें उदाहरण चांदीचें. चांदी जंतूंना मारक आहे हें फार जुनें ज्ञान. तेव्हां झडप ज्या कापडी कड्यानें हृदयाला शिवतात, त्या कड्यावर चांदीचा मुलामा दिला तर संसर्ग टळेल, असा विचार निघाला. त्यांत वावगें कांहींच दिसत नव्हतें. तरी खात्रीसाठीं रुग्णांचे दोन गट करून चांदीची व बिनचांदीची झडप चिठ्ठ्या टाकावी तशी वांटून देण्यांत आली. ४,४०० रुग्णांची योजना होती. ८०७ रुग्ण झाले तोंच दिसलें कीं चांदीच्या झडपा कडेनें अधिक गळत आहेत. जानेवारी २००० मध्यें प्रयोग थांबला व त्या झडपा परत मागविण्यांत आल्या. चांदीनें जंतु मरत असतील, पण कड्याभोंवतीं मांस धरावयासहि ती आड येत असावी.

तिसरें उदाहरण औषधाचें. धातूची व कार्बनची झडप बसविलेल्याला रक्त पातळ ठेवणारें वारफरिन किंवा त्याच्या जातीचें औषध जन्मभर घ्यावें लागतें. त्याचें प्रमाण फार जपावें लागतें. म्हणून वरचेवर आय. एन. आर. ही रक्ताची चाचणी करावी लागते. औषध कमी पडलें तर गुठळी, अधिक झालें तर रक्तस्राव. पालेभाजी आज भरपूर व उद्यां मुळींच नाहीं असें झालें तरी प्रमाण बदलतें. दाबिगाट्रान नांवाचें नवें औषध या चाचणीच्या कटकटींतून सुटका करील असें वाटलें होतें. २५२ रुग्णांवर तें पडताळून पाहिलें. ज्यांना नवें औषध दिलें त्यांच्यापैकीं ९ जणांना मेंदूचा झटका आला. वारफरिनच्या गटांत एकालाहि नाहीं. रक्तस्रावहि नव्या औषधानेंच अधिक झाला. २०१२ च्या अखेरीस प्रयोग थांबविला व पुढील वर्षीं निष्कर्ष छापून आला. शेजाऱ्याला चालतें तें नवें औषध आपल्याला कां नाहीं, असें झडपेच्या रुग्णानें विचारलें तर त्याचें उत्तर त्या नऊ माणसांच्या नोंदींत आहे.

आतां घरोघरीं पडणारा प्रश्न. झडप कोणती बसवावी? यांत्रिक झडप टिकाऊ. पण तिच्याबरोबर जन्माचें औषध येतें. दुसरी जात प्राण्यांच्या मांसपेशींची. डुकराची झडप किंवा गाईबैलांच्या हृदयावरील आवरण ग्लुटाराल्डिहाइड या द्रव्यांत कमावून ती करतात. कमावण्याची ही रीत पॅरिसचे आलां कार्पांतिए यांनीं १९६० नंतरच्या दशकांत रूढ केली. तिला सहसा जन्माचें औषध लागत नाहीं. पण ती झिजते, आणि तरुण शरीरांत अधिक लवकर झिजते. कांहीं कुटुंबांना तिच्या उगमाबद्दलहि विचार करावासा वाटतो, आणि तो त्यांनीं शस्त्रक्रियेच्या आधींच डॉक्टरांजवळ मोकळेपणीं बोलून घ्यावा.

या दोन जातींची तुलना दोन मोठ्या प्रयोगांनीं केली. एडिंबरो येथें १९७५ ते १९७९ या काळांत ५३३ रुग्णांना यांत्रिक किंवा डुकराची झडप वांटून देण्यांत आली. वीस वर्षांनीं पाहिलें तों यांत्रिक झडपेचे शेंकडा २५ व दुसरीचे शेंकडा २२.६ रुग्ण हयात होते. म्हणजे फरक नांवाला. पहिल्या गटांत रक्तस्राव अधिक, दुसऱ्यांत पुन्हा शस्त्रक्रिया अधिक. अमेरिकेंत निवृत्त सैनिकांच्या १३ रुग्णालयांत १९७७ ते १९८२ या काळांत ५७५ रुग्ण घेतले. पंधरा वर्षांनीं महारोहिणीच्या झडपेच्या रुग्णांपैकीं यांत्रिक गटांत शेंकडा ६६ व प्राणिज गटांत शेंकडा ७९ मृत झाले होते. द्विदल झडपेच्या रुग्णांत असा फरक दिसला नाहीं. प्राणिज झडपेची झीज पासष्ट वर्षांखालील रुग्णांत विशेष आढळली. अमेरिकेंतील २०२० च्या मार्गदर्शनांत महारोहिणीच्या झडपेसाठीं साधारणतः पन्नाशीच्या आंत यांत्रिक, पासष्टीच्या पुढें प्राणिज, आणि मधल्या वयांत रुग्णाशीं विचारविनिमय, असा जो सल्ला आहे, त्याच्या पाठीशीं अशाच वह्या आहेत.

मात्र कोणतीहि वही वाचतांना तींत कोणाचीं नांवें आहेत तें आधीं पाहावें लागतें. निवृत्त सैनिकांचे ते ५७५ रुग्ण सारेच पुरुष होते. त्यांचा अनुभव आपल्याकडील पंचवीस वर्षांच्या विवाहितेला कितपत लागू पडावा? तिला संधिवाती तापानें आजार जडलेला आहे, आणि तिला मूल हवें आहे. यांत्रिक झडप घ्यावी तर वारफरिन गर्भाला, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, बाधक होऊं शकतें. तें थांबवावें तर झडपेवर गुठळी जमून आईचाच जीव धोक्यांत येतो. प्राणिज झडप घ्यावी तर बाळंतपण त्या मानानें सुखरूप होईल, पण मूल शाळेंत जाऊं लागेल तों पुन्हा छाती उघडण्याची पाळी येण्याचा संभव. अशा स्त्रियांना चिठ्ठ्या टाकून झडपा वांटून देणारा मोठा प्रयोग करणें नीतीच्या दृष्टीनें कठीण. म्हणून त्यांच्यासाठीं निर्णय घेतांना शास्त्राच्या हातीं आहेत त्या केवळ नोंदी; आणि त्या जितक्या पुऱ्या, तितका सल्ला खरा.

आपल्या देशानेंहि या वहींत स्वतःचीं पानें घातलीं आहेत. परदेशी झडपेची किंमत सामान्य कुटुंबाच्या आंवाक्याबाहेरची, हें पाहून तिरुवनंतपुरम् येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेंत डॉ. एम. एस. वलियाथन व त्यांचे यंत्रज्ञ सहकारी यांनीं देशी झडप घडविण्यास घेतली. तीन आराखडे कसोटीस न उतरल्यामुळें टाकून द्यावे लागले. चौथ्यांत कोबाल्टच्या मिश्रधातूचा पिंजरा व अति-उच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनची कलणारी तबकडी होती. यंत्रावर कोट्यवधि वेळां उघडमीट करून व मेंढ्यांवर पारखून मगच ती डिसेंबर १९९० मध्यें प्रथम मनुष्याला बसविली. त्यानंतरहि ती एकदम बाजारांत आणली नाहीं. सहा रुग्णालयांत ३०६ रुग्णांवर तिची परीक्षा झाली. पुढें एक लाखाहून अधिक चित्रा झडपा बसविल्या गेल्या. तीन आराखडे टाकून देण्याचें धैर्य त्या संस्थेजवळ नसतें, तर त्या उणिवा रुग्णांच्या छातींत उघडकीस आल्या असत्या.

नवीन मार्गहि याच कसोटीवर घासले जातात. फ्रान्समधील रूआं शहरीं आलां क्रिबिए यांनीं १६ एप्रिल २००२ रोजीं छाती न उघडतां रक्तवाहिनींतून नळी घालून महारोहिणीच्या जागीं झडप पोहोंचविली. २०१० सालीं ३५८ वृद्ध व शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. एका वर्षांत नेहमींच्या उपचारांनीं शेंकडा ५०.७ मृत झाले, नव्या झडपेनें ३०.७. लाभ उघड आहे. पण पंचाहत्तरीच्या मनुष्याला दहा वर्षें पुरणारी झडप पस्तिशीच्या मनुष्याला पुरेल असें त्यावरून म्हणतां येत नाहीं. त्यासाठीं पुन्हा तितकींच वर्षें मोजावीं लागतात.

यांत रुग्णाचें व घरच्या मंडळींचें काम थोडें आहे, पण तें दुसऱ्या कोणाला करतां येत नाहीं. मुलाचा घसा तापासह दुखूं लागला तर डॉक्टरांना दाखवावें, आणि दिलेलें औषध घसा थांबला म्हणून अर्ध्यावर सोडूं नये. झडप बसविलेल्या माणसानें वारफरिन स्वतःच्या विचारानें कमीजास्त करूं नये, व आय. एन. आर.ची तारीख चुकवूं नये. दांत काढावयाचा झाल्यास आपल्याला झडप आहे हें दंतवैद्यांस आधीं सांगावें. झडप बसविलेल्या तरुण स्त्रीनें दिवस जाण्याच्या आधींच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. रुग्णालयांतून निघतांना झडपेची जात, माप व क्रमांक असलेलें जें कार्ड मिळतें, तें घराच्या दस्तऐवजांबरोबर जपून ठेवावें. उद्यां त्या जातींत कांहीं दोष आढळला तर तो क्रमांकच त्या माणसाला शोधून काढील. आणि पत्ता बदलला तर रुग्णालयाला चार ओळी लिहून कळवावें. प्रकृति उत्तम असली तरीहि कळवावें; कारण उत्तम प्रकृतीचीहि नोंद वहींत व्हावी लागते.